भुंगा, कमळ आणि वर्दी



आजचं चिंतन: ज्ञानेश्वरी, अध्याय पहिला. अर्जुनाचा विषाद.

रणांगणावर अर्जुनाचे हातपाय गळाले, ते शत्रूच्या भीतीने नाही. समोर आजोबा होते, गुरू होते, भाऊ, मामा, मुलं, नातवंडं होती. घरच्या माणसांवरच्या मायेने त्याला थांबवलं. इथे ज्ञानेश्वर माउली भुंग्याचा दृष्टान्त देतात. भुंगा कसलंही वाळकं लाकूड पोखरून आरपार जातो. आपल्या बल्लारपूर-चंद्रपूरच्या सागवानी मुलखात हे वेगळं सांगायला नको. पण तोच भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकला, की जीव गेला तरी पाकळी चिरत नाही. स्नेह असा असतो. कोवळा, आणि म्हणूनच कठीण.

आता खरा प्रश्न. ज्याचं घरावर मनापासून प्रेम आहे, त्याने जीव धोक्यात घालायची नोकरी करावी का? आणि केली, तर त्याचं घरावरचं प्रेम कमी होतं असं म्हणायचं का?

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. बल्लारपूर तालुक्यात विसापूरजवळ २०१९ पासून सैनिक शाळा आहे. तिथे सहावीतलं पोरगं सोडून आई-बाबा गेटमधून परत फिरतात, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासोबत घरी येतो.

अशाच एका शाळेतून, साताऱ्याच्या सैनिक शाळेतून, कर्नल संतोष महाडिक घडले. सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे. स्पेशल फोर्सेसचे अधिकारी, २००३ साली सेना पदक मिळालेले. घरी पत्नी स्वाती, एक मुलगी, एक मुलगा. २०१५ मध्ये ते काश्मीरमध्ये कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. १७ नोव्हेंबरला जंगलात अतिरेक्यांचा शोध चालू असताना ते स्वतः पुढे होते. त्या चकमकीत त्यांना वीरमरण आलं. वय ३८. पुढे मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झालं.

आपण बहुतेक वेळा इथे थांबतो. फोटो शेअर करतो, हात जोडतो, पुढे स्क्रोल करतो. पण या घराची गोष्ट इथे थांबत नाही.

वर्दी हे त्यांचं पहिलं प्रेम होतं, म्हणून आता ती मीही घालणार, असं स्वातीताईंनी ठरवलं. वय निकषाच्या पुढे गेलेलं, म्हणून वयाची खास सवलत मिळाली. परीक्षा, मुलाखत, सगळं रीतसर दिलं. मुलांपासून लांब राहून चेन्नईच्या अकादमीत खडतर प्रशिक्षण घेतलं. ९ सप्टेंबर २०१७ ला त्या लेफ्टनंट झाल्या.

‘वर्दी पहिलं प्रेम’ हे ऐकून टोचतं ना? मग बायको-मुलं दुसरी का? मला वाटतं, हा पहिला-दुसरा नंबर लावणंच चुकतं. अर्जुनही तेच करत होता. एका पारड्यात घर, दुसऱ्यात कर्तव्य. भगवंतांनी त्याला घरच्यांवर माया करू नकोस, असं शिकवलं नाही. गीतेच्या शेवटी अर्जुन मोह गेला म्हणतो, स्नेह गेला असं म्हणत नाही. पुरावा हवाय? गीता ऐकल्यावर थोड्याच दिवसांत, युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला, आणि अर्जुन बापासारखाच रडला. गीतेने त्याचा दगड केला नव्हता.

मग मोह कुठला आणि स्नेह कुठला? माझ्या मते साधी खूण अशी: मोह म्हणतो, माझं लेकरू सुखरूप राहू दे, बाकीच्यांचं बाकीचे बघतील. स्नेह म्हणतो, माझ्या लेकराचा चेहरा डोळ्यांपुढे आहे, म्हणूनच दुसऱ्याचं लेकरू मला कळतं. आपल्या शेजारी गडचिरोलीच्या जंगलात ड्युटी करणाऱ्या जवानांच्या खिशातही घरच्यांचे फोटो असतातच की. ते फोटो त्यांना कमजोर करतात, असं कोण म्हणेल?

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. या स्नेहाची किंमत एकटा सैनिक मोजत नाही. मुलं मोजतात, बायको मोजते, म्हातारे आई-बाप मोजतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणून शहीद कुटुंबाला ‘अभिमान बाळगा’ एवढंच सांगून मोकळं होणं हा आपलाच मोह आहे, अवघड गोष्टीपासून पळायचा. अभिमान त्यांच्याकडे असतोच. कमी पडते ती सोबत. वर्षश्राद्ध झालं की येणंजाणं थांबतं. शाळेची फी, बँकेतली कामं, रिकामी संध्याकाळ मात्र चालूच राहते. कृष्णाने अर्जुनाला नुसता उपदेश केला नाही, त्याचा रथही हाकला.

आपल्यातले कितीतरी जण नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला आहेत. आपलं कर्तव्य एवढं मोठं नसेल, पण घर की काम ही ओढाताण रोजची आहे. तेव्हा स्वतःला एकच विचारू: मी घरच्यांच्या मायेमुळे थांबतोय, की त्यांचं नाव पुढे करून?

आजचा संकल्प: ओळखीतल्या एखाद्या जवानाच्या घरी आज फोन करायचा. जयंती नाही, पुण्यतिथी नाही, सहजच. ‘काका, काही काम होतं का?’ एवढंच विचारायचं. आणि काम सांगितलं, तर करायचं.

राम कृष्ण हरी!