कादंबरीतल्या प्रेमाची पारख



इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांचा एक नवा प्रकार आपल्या मुलींच्या मोबाइलपर्यंत येऊन पोहोचला आहे. त्याला 'डार्क रोमान्स' म्हणतात. त्यातला नायक नायिकेचा चोरून पाठलाग करतो, तिला पळवून नेतो, कोंडून ठेवतो, तिच्या नकाराला जुमानत नाही. आणि शेवटी ती त्याच्याच प्रेमात पडते. सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांतूनही हे वाचले जाते. कळले की वाद होतो. आई म्हणते, "असले काही वाचू नकोस." मुलगी म्हणते, "अगं आई, नुसती गोष्ट आहे ती." दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच या प्रश्नाकडे शांतपणे पाहावे असे आम्हाला वाटते.

आधी वाचणारीची बाजू ऐकू या. ती म्हणते, आम्ही काही दूधखुळ्या नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखिकेनेच पुष्कळदा सावध केलेले असते. पुस्तकातली भीती आमच्या हातात असते; नको वाटले की मिटून ठेवता येते. खराखुरा असा माणूस वाटेत आडवा आला तर आम्ही पोलिसांत जाऊ. हे म्हणणे प्रामाणिक आहे. ते हसण्यावारी नेऊ नये.

शिवाय मोठ्यांना कादंबरीची धास्ती वाटते, हे काही आजचे नाही. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा १९६२ सालच्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. कामभावनेचा उल्लेख आला एवढ्यावरून कादंबरी मुलांसाठी अयोग्य ठरवली तर त्यांना केवळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असा त्या न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. आपल्या ख्रिस्तसभेनेही निषिद्ध ग्रंथांची यादी ठेवली होती. १५५९ साली सुरू झालेली ती यादी पोप सहावे पॉल यांच्या काळात १९६६ साली बंद झाली. पुढे २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी एक पत्र लिहून, माणूस घडण्यासाठी कथा-कादंबऱ्यांचे वाचन किती मोलाचे आहे हे सांगितले.

काळोख तर पवित्र शास्त्रातही आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढून पाहा. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, आसक्त होतो. आजारी असल्याचे सोंग करून तिला सेवेला बोलावतो. ती विनवते, नको म्हणते. तो ऐकत नाही. आणि काम साधल्यावर त्याला तिचा इतका तिटकारा येतो की तो तिला बाहेर काढून दाराला कडी घालायला लावतो. तामार डोक्यात राख घालून, अंगावरचा झगा फाडून, आक्रोश करत निघून जाते. हा अध्याय आपल्याला चटका लावतो, कारण अम्नोनची ओढ कितीही तीव्र असली तरी शास्त्र तिच्यावर पांघरूण घालत नाही. तामारची विनवणी त्यात लिहिलेली आहे आणि तिचे रडणेही.

तेव्हा पुस्तकात वाईट माणूस आहे की नाही, एवढ्यावर पारख होत नाही. मग कशावर करावी? आम्हाला वाटते, उत्तर आपल्याच ख्रिस्तसभेच्या विवाहविषयक कायद्यात आहे. १९८३ च्या धर्मनियमांतील १०८९ वा नियम सांगतो की, लग्नाच्या हेतूने पळवून नेलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या स्त्रीचा त्या पुरुषाशी विवाह होऊच शकत नाही. आधी तिला त्याच्यापासून वेगळे करावे, सुरक्षित आणि मोकळ्या जागी न्यावे. तिथे तिने आपणहून त्याला निवडले, तरच विवाह. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेनेही हेच सांगितले होते. त्याच्या घरात, त्याच्या कुलपाआड तिने दिलेला होकार ख्रिस्तसभा होकार मानत नाही. आजही लग्नाच्या मिस्सेत धर्मगुरू वचने घेण्याआधी वधूवरांना विचारतात की, तुम्ही कोणाच्या जबरदस्तीवाचून, खुल्या मनाने आला आहात ना?

हीच कसोटी कादंबरीला लावावी. रिचर्डसन या इंग्रज लेखकाच्या 'पामेला' (१७४०) या कादंबरीत मालक आपल्या मोलकरणीला कोंडून ठेवतो. पण अखेर तो तिला जाऊ देतो. ती घरी निघते आणि वाटेतून स्वतःच्या मनाने परत फिरते. ही कादंबरी १७४४ साली त्या निषिद्ध यादीत गेली होती, तरी या एका बाबतीत ती आजच्या कितीतरी पुस्तकांहून सरळ म्हणावी लागेल. मुलींनी वाचताना एवढेच विचारावे: दार उघडे असते, हातात परतीचे तिकीट असते, तरी ही थांबली असती का?

आणि हा प्रश्न केवळ इंग्रजी पुस्तकांना विचारून भागणार नाही. १९९८ साली सांगलीत एका तरुणीला तिच्या मागे लागलेल्या माणसाने ठार मारले. अशा बातम्यांना आपल्याकडे शब्द ठरलेला आहे: 'एकतर्फी प्रेमातून'. तिने नाही म्हटले म्हणून तिचा जीव घेतला, आणि आपण त्याला प्रेम म्हणतो! असा पाठलाग २०१३ पासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. भाषा मात्र अजून तीच. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला "मारतो, पण जीवही लावतो" असे सांगून आपण परत धाडतो, तेव्हा तीच काळी प्रेमकथा आपण तिला तोंडी वाचून दाखवत असतो. ती तर मिटूनही ठेवता येत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की मोबाइल हिसकावून घेऊ नका. मुलगी काय वाचते ते विचारा. जमल्यास त्यातले एखादे प्रकरण स्वतः वाचा आणि तिच्याशी बोला. सुटीत तिला पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन जा. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे. घराघरांत बसून मराठी पुस्तके वाचता येतात. मुलग्यांनाही न्या. नकार ऐकून माघारी वळणारा नायक त्यांनीही भेटायला हवा.

संत पौल करिंथकरांस लिहितात की प्रीती स्वतःचाच स्वार्थ पाहत नाही. येत्या आठवड्यात पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय घरच्या प्रार्थनेत सर्वांनी मिळून वाचावा, आणि त्याच्याबरोबर शमुवेलच्या पुस्तकातली तामारची गोष्टही. ती मुलांसमोर वाचायला अवघड वाटेल. तरीही वाचावी. आणि आपल्या ओळखीत एखादी तामार दाराबाहेर उभी असेल, तर तिला आधी आपल्या घरात घ्यावे.