शंभरावे मेंढरू आणि संचाचे गणित

संच म्हणजे सुस्पष्ट व्याख्या असलेला समूह. एखादी वस्तू त्यात आहे की नाही, याचे उत्तर निःसंदिग्धपणे देता आले पाहिजे. माध्यमिक शाळेतली मुले ही व्याख्या घोकतात; रिक्त, एकघटक, सांत, अनंत असे प्रकार पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. आम्हांला मात्र या साध्या प्रकरणात नीतिशास्त्राचे काही जुने प्रश्न दडलेले दिसतात.

'खारदांड्याचे लोक' हा संच होतो काय? संच दोन रीतींनी लिहितात: घटकांची यादी देऊन, किंवा त्यांचा समान गुणधर्म सांगून. यादी केली तर प्रत्येक दफनाबरोबर आणि प्रत्येक स्नानसंस्काराबरोबर जुना संच संपून नवा सुरू होतो, कारण एक घटक बदलला तरी संच तोच राहत नाही. गुणधर्म सांगावा, तर कोणता? समुद्रावर पोट असलेला तो खारदांडेकर म्हणावे, तर कोळीवाड्यात जन्मून बँकेत नोकरी करणारा बाहेर पडतो. जन्म ही कसोटी धरावी, तर लग्न होऊन आलेली आणि पहाटे म्हावऱ्याची टोपली उचलणारी सून परकी ठरते. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' या नावाने आपली संस्था काढली. गोवा-मंगळूरहून येणाऱ्या धर्मबांधवांहून आपण वेगळे आहोत, हे दाखवण्याचा हेतू त्यात होता. म्हणजे संच ओळखला गेला तो पूरक संचावरून, त्यात कोण नाही यावरून. त्यात पाप नव्हते. पोटापाण्याचा प्रश्न खरा होता. पण पूरक संच काढण्याआधी विश्वसंच ठरवावा लागतो, आणि आपण सारे मिळून कोणत्या मोठ्या संचात आहोत, हे कुंपण घालणारा सहसा विचारीत नाही.

रिक्त संचाविषयी थोडेच. गणित म्हणते, रिक्त संच एकच असतो. पापलेटांचा रिक्त संच आणि बोंबलांचा रिक्त संच यांत काही फरक नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा साऱ्यांच्याच जाळ्यांत हा संच असतो. घराघरांतले रितेपण मात्र एकसारखे असत नाही, हे गणिताबाहेरचे झाले.

आम्हांला खरी ओढ आहे ती दुसऱ्या भेदाची. ज्या दोन संचांत घटकांची संख्या सारखी, ते सममूल्य. ज्यांत घटकच तेच, ते समान. लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एकामागे जातो. व्यवहारी माणूस म्हणेल, बाजारातून एक विकत घ्यावे, शंभर पुरे होतील. होतील खरे, पण नवा कळप जुन्याशी सममूल्य असेल, समान नव्हे.

सांत कळपात उणे निदान आकड्यात दिसते. अनंत संचात तेही दिसत नाही. एक, दोन, तीन अशा संख्यांतून एक काढून टाका. उरलेल्या संख्यांची मूळ संख्यांशी एकास एक संगती लावता येते: एकाला दोन, दोनाला तीन. काहीच कमी झाले नाही! गॅलिलिओने १६३८ साली वर्गसंख्यांच्या बाबतीत हे आश्चर्य नोंदवले होते. गेओर्ग कँटर या जर्मन गणितज्ञाने १८७४ साली दाखवून दिले, की अनंत संचही सारे एका मापाचे नसतात. हा लुथरपंथी माणूस १८८६ साली रोममधल्या कार्डिनल फ्रान्त्सेलिन या जेझुइट ईशशास्त्रज्ञाला पत्रे लिहीत होता. निर्माण केलेली अनंतता मानली, तर सृष्टीलाच देव मानण्याचा धोका नाही काय, ही कार्डिनलांची शंका होती. कँटरने भेद केला: वाढवता येणारी अनंतता वेगळी, देवाची निरपेक्ष अनंतता वेगळी. एवढ्यावर कार्डिनलांचे समाधान झाले. गणितज्ञाने धर्मगुरूला इतक्या गांभीर्याने घ्यावे, आणि धर्मगुरूनेही त्याचे ऐकून घ्यावे, हे आज दुर्मीळ वाटते.

पण या गणिताने आमच्यापुढे एक अडचण उभी राहते. अनंताला एक गेल्याने तोटा होत नसेल, तर अनंत देवाने एका जिवासाठी का झुरावे? प्रेम संख्येवर चालत असते, तर तो सर्वांहून बेफिकीर असता. उत्तर त्याच प्रकरणात आहे. एक वजा केलेला संच मूळ संचाशी सममूल्य राहतो; समान राहत नाही. जो घटक गेला, तो गेलाच. अनंताच्या घरीही एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

दर्यात गेलेल्या खलाशाच्या जागी पुढल्या हंगामात दुसरा येतो. तांडेलाला तो घ्यावाच लागतो, आणि होडीवरची संख्या पुन्हा पूर्वीइतकी होते. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही मिस्सेत वर्षभरात गेलेल्यांची नावे एकेक करून वाचतो. मिस्सा लांबते, मागच्या बाकांवर चुळबुळ होते, आणि एकूण किती गेले तेवढे सांगावे, अशी सूचनाही अधूनमधून येते. आम्ही नावेच वाचतो.