नवस कोणाचा?



वैशाख सरत आला की श्रीदेवीच्या दर्शनास येणाऱ्या मंडळींत नवविवाहित जोडप्यांची संख्या एकाएकी वाढते. मुंबईहून सुटीवर आलेले चाकरमानी, कुडाळ स्थानकावर उतरून सामानासह थेट गावी पोहोचलेले आप्तेष्ट, हातावरची मेंदी अजून न पुसलेली नवरी, आणि खण-नारळाचे ताट कोणी धरावे यावरून चाललेली लहानशी कुजबूज, असे दृश्य या दिवसांत देवळाच्या पायरीवर रोज दिसते. प्रथम ग्रामदेवतेची ओटी भरावी, नंतर कुळदेवतेस जावे, असा आपल्याकडील क्रम. (मालवणकडील पुष्कळ घराण्यांची कुळदेवता गोव्यात आहे, त्यामुळे तो दुसरा प्रवास सवडीने होतो.) पावतीपुस्तकात दोन नावे प्रथमच शेजारी शेजारी लिहिताना माझ्यासारख्या कार्यालयात बसणाऱ्या माणसासही त्या मंगल कार्यात आपला थोडा वाटा असल्यासारखे वाटते.

तथापि याच पावतीपुस्तकाने मला एका प्रश्नाशी आणून उभे केले. तो प्रश्न असा की, एकाने बोललेला नवस दुसऱ्याने फेडावा काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याच्या अखेरीस साठीच्या घरातील एक बाई मुलगा, सून आणि आठ महिन्यांचे नातवंड घेऊन कार्यालयात आल्या. मुलाच्या लग्नात त्यांनी देवीपुढे शब्द टाकला होता की, तीन वर्षांच्या आत घरात पाळणा हलू दे, सून देवळाभोवती लोटांगण घालील. पाळणा हलला होता. आता नवस फेडावयाचा होता. मुलगा हळूच म्हणाला की, हिचे सिझर झाले आहे, तिच्याऐवजी मी घालतो. त्यावर आई म्हणाली, "मियां नवस तिच्या नावान बोललंय, तिनाच तो फेडूक व्हयो." सून तोवर गप्प होती. ती एवढेच म्हणाली, "माका कोणी इचारूकच नाय."

त्या वेळी माझ्या हातून जे झाले ते सांगितले पाहिजे. नवस फेडण्याच्या नोंदवहीत 'नवस कोणाच्या नावे' असा एकच रकाना होता. मी सुनेचे नाव लिहिले, पावती फाडली आणि पुढच्या माणसाकडे वळलो. मागे रांग होती, हे खरे. परंतु रांग नसती तरी मी वेगळे काही केले असते असे मला वाटत नाही. दुपारी घरी जाण्यास निघालो तेव्हा ती मुलगी विहिरीजवळच्या कट्ट्यावर पोटावर हात दाबून बसलेली दिसली. नवरा बाजूला उभा राहून तिला वारा घालीत होता. सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेत स्त्रिया उभ्यानेच लोटांगण घालतात, ही आपल्याच जिल्ह्यातील रीत मला तेव्हा आठवली. तासाभरापूर्वी आठवली असती तर तिचा उपयोग होता.

त्या बाईंना मी दोष देत नाही. सुनेविषयी त्यांच्या मनात आकस नव्हता; आनंदाच्या भरात त्या बोलून गेल्या होत्या, आणि देवीला दिलेला शब्द राहून गेला तर बाळाला बाधेल ही भीती खरी होती. शिवाय आपल्याकडे घर हे एक मानले जाते. एकाचे पुण्य सर्वांचे, एकाचे ऋण सर्वांचे. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन आई नवस बोलते तेव्हा ती त्या मुलाची संमती कोठून घेणार? मुलगा मोठा होऊन लग्न करतो, जोडीने दर्शनास येतो, आणि तेव्हा त्याला कळते की आपल्या नावाचे एक देणे पंचवीस वर्षांपासून उभे आहे. अशी जोडपी मी पाहिली आहेत. बहुतेक जण हसतमुखाने ते देणे फेडतात, आणि त्यात मला काहीच गैर दिसत नाही. मग त्या मुलीच्या बाबतीत मन अस्वस्थ का झाले?

याचे उत्तर शोधताना मला आपले गाऱ्हाणे आठवले. देवळात गाऱ्हाणे घालणारा एकच असतो. तो साऱ्यांच्या वतीने बोलतो, आणि भोवतालची मंडळी 'व्हय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. कोणाच्या लेकराला नोकरी लागू दे, कोणाच्या लेकीचे जमू दे, दर्यावर गेलेली होडी सुखरूप येऊ दे. ज्याच्यासाठी मागणे आहे तो तेथे हजर असला पाहिजे असे नाही. परंतु नीट पाहिले तर ते मागणे आहे. दुसऱ्यासाठी मागावयास कोणाची आडकाठी नसते. नवसाला मात्र दोन बाजू आहेत. अर्धा भाग मागण्याचा, अर्धा देण्याचा. मागण्याचा भाग आईने, सासूने, आजीने खुशाल बोलावा. देण्याचा भाग बोलताना मात्र पदरचे काय आणि दुसऱ्याच्या पदरचे काय, हा भेद राहतो. किनाऱ्यावरील गाबीत बाई नवऱ्याच्या होडीसाठी नारळ बोलते तेव्हा तो नारळ ती स्वतः आणते. मागणे नवऱ्यासाठी आणि देणे स्वतःचे, यात कोठेच खोट नाही.

विवाहसंस्कारातही हाच विवेक दिसतो. मंत्र सांगण्याचे काम पुरोहिताचे असले तरी धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलून वागणार नाही, हे वचन वराला स्वमुखाने द्यावे लागते. पुरोहित शब्द सांगतो, वराच्या वतीने वचन देत नाही. 1955च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानेही हे मानले आहे. जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे वर आणि वधू यांनी मिळून अग्नीसमोर सातवे पाऊल टाकले म्हणजे विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. मांडवात शेकडो वडीलधारी बसलेली असली तरी ती सात पावले त्यांपैकी कोणालाही टाकता येत नाहीत.

यावर कोणी रामायणाचा दाखला देईल. दशरथाने कैकेयीला वर दिले आणि ते पाळले रामाने. तेव्हा वडिलांचा शब्द मुलाने फेडणे हा तर आदर्शच. दाखला योग्य आहे, पण तो पुरता पाहावा. रामाने तो शब्द स्वतः उचलला, म्हणून तो रामाचा झाला. कैकेयीने वनवास मागितला तो एकट्या रामासाठी. सीतेवर त्या वराचा कसलाही भार नव्हता. राम तिला मागे राहण्यास सांगत होता, तिने वाद घातला आणि स्वतःच्या निश्चयाने ती निघाली. राजा हरिश्चंद्राची कथा मला अधिक अवघड वाटते. शब्द राजाचा, आणि विकली गेली तारामती व लहानगा रोहिदास. आपण त्याच्या सत्यनिष्ठेपुढे नतमस्तक होतो, आणि तसे व्हावेच. परंतु तारामतीला काय वाटले असेल हा विचार माझ्या मनातून अलीकडे जात नाही.

आपल्या मुलखात तर विचारण्याची परंपराच आहे. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही; देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, आणि मगच मुंबईची मंडळी गाड्यांची तिकिटे काढतात. आचऱ्यास श्री रामेश्वराचा कौल झाल्यावर गावपळण होते, सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतो. प्रत्यक्ष देवाला विचारल्याशिवाय आपण जत्रा ठरवीत नाही, आणि घरात नव्याने आलेल्या मुलीला तिच्या अंगावरचा नवस विचारीत नाही!

केवळ नवसापुरतेच हे नाही. 'आम्ही शब्द दिला आहे' या एका वाक्यावर किती लग्ने थाटात होतात, आणि त्या थाटाचे कर्ज नव्या जोडप्याच्या पहिल्या पगारातून फिटू लागते. मांडव, वाजंत्री, जेवणावळी, सोने यांची यादी वडीलधारी करतात. त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. पण हप्ता ज्याला भरावयाचा त्याला यादी दाखविण्याची चाल अद्याप फारशी रूढ झालेली दिसत नाही.

याउलट भाद्रपदातील ओवसा पाहा. गौरीपूजन पूर्वा नक्षत्राच्या दिवसांत आले की त्या वर्षी नव्या सुनांचा पहिला ओवसा. पूर्वा नसेल तर थांबावे लागते. एकाच घरातील दोन-तीन सुना एकाच वर्षी ओवसतात, सुपांची मागणी वाढते, आणि बुरुडाला उसंत राहत नाही. सूप सजविण्यास सासू मदत करते, नणंद मदत करते, माहेरचे सामान पाठवितात. मात्र सूप हाती घेऊन गौरीपुढे ओवसते ती तीच. मग ते सूप घेऊन ती थोरांच्या पाया पडते, आणि थोरांनी तिच्या हातावर काही ठेवावयाचे असते. नव्या घरात तिचे पहिले देणे आणि पहिले घेणे असे तिच्याच हातून होते. हा सण मला फार आवडतो.

त्या मे महिन्यानंतर विश्वस्तांच्या परवानगीने नोंदवहीत एक रकाना वाढविला. पूर्वी 'नवस कोणाच्या नावे' एवढेच होते. आता त्याआधी 'नवस कोणी बोलला' असे विचारतो. दोन नावे वेगळी निघाली की लेखणी खाली ठेवून ज्याच्या नावे नवस आहे त्याच्याशी दोन शब्द बोलतो. अडचण असल्यास मंडळींना पुजाऱ्यांकडे पाठवितो. ते देवीपुढे गाऱ्हाणे घालून मार्ग काढतात. कधी लोटांगणाऐवजी प्रदक्षिणा, कधी बोलणाऱ्यानेच फेडावा असा. सासवांना हे सुरुवातीस रुचले नाही. एकदोघींनी मला स्पष्ट सुनावलेही.

गेल्या वैशाखात एक जोडपे आले. लग्नास चारच दिवस झाले होते, आणि त्यांना नवस फेडावयाचा नव्हता, बोलावयाचा होता. वही पुढे केली. मुलाने पहिल्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले, थांबला, लेखणी तिच्याकडे दिली. तिने त्याखाली आपले लिहिले. नंतर तिने विचारले, "काय मागितले तेही लिहावे लागते का?"

नाही म्हटले. तो रकाना आमच्याकडे नाही.