आमच्यानंतर कोण?

माझा मुलगा आता चौतिशीत आहे. शर्टाची बटणं तो स्वतः लावतो, वरचं तेवढं राहून जातं. दुपारी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालणं हे त्याचं काम, आणि टॉवेलची घडी तो माझ्यापेक्षा नेटकी घालतो. रस्ता ओलांडणं, पैशांचा हिशेब, अंगात ताप असताना कुठे दुखतंय ते सांगणं, हे त्याला जमत नाही आणि जमणारही नाही. तो लहान असताना घरी येणाऱ्याजाणाऱ्यांनी माझी दोन प्रकारे समजूत घातली. कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं काही असेल. कुणी म्हणालं, अशी लेकरं देवाचीच असतात. दोघांनीही मायेपोटीच म्हटलं, पण उद्या सकाळी काय करायचं, हे त्यातून कळत नव्हतं.

कर्मसिद्धांत मी झटकून टाकलेला नाही. पण माझ्या मुलाच्या मागच्या जन्माचा हिशेब आजवर कुणी मांडून दाखवलेला नाही आणि माझ्या आजच्या दिवसाचा हिशेब मला रोज रात्री लख्ख दिसतो. कर्म मानायचंच तर ते आधी पाहणाऱ्याचं मानावं. जो पांगळा आहे त्याच्या नावावर पाप टाकायचं आणि जो धडधाकट बघत उभा आहे त्याला मोकळं सोडायचं, हा कसला धर्म?

पाहणाऱ्याचं कर्म कसं असावं, हे आमच्या गावाने पाहिलं आहे. आम्ही अमरावतीत राहतो. गाडगेबाबांची समाधी इथेच, गाडगेनगरला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबा गेले. कीर्तनातून लोकांसमोर हात पसरून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. ऋणमोचनच्या जत्रेत अंध-पंगूंना जेवू घातलं. १९५२ साली त्यांच्या नावाचं मिशन स्थापन झालं. बाबांच्या दहा कलमी संदेशात भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी आहे, तसं अंध, पंगू आणि रोग्यांना औषधोपचार हेही आहे. एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांतली एकही त्यांनी आपली म्हटली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लाखोंचा व्यवहार हातून होत असताना अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं, हे पाहिलेली माणसं आमच्या आधीच्या पिढीत घरोघर होती.

धर्मशाळेत माणूस येतो, टेकतो, निघून जातो. त्याला पुढे जायचं असतं. दादरला बाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण राहतात, तेही उपचार संपले की आपल्या गावी परततात. अशी संस्था किती वाढली हे खोल्या आणि मुक्कामी माणसं मोजून सांगता येतं. माझ्या मुलासारख्या माणसाला मात्र कुठे पुढे जायचं नसतं. तो आला की राहतो. त्याच्यासाठी चालवलेली संस्था माणसांच्या संख्येने वाढते त्याहून जास्त वर्षांनी वाढते. आज आठ वर्षांची असलेली मुलगी उद्या चाळिशीची होणार, तिचे दात पडणार, तिला सांभाळणारे म्हातारे होणार. हा विचार करून उभ्या राहिलेल्या संस्था फार थोड्या आहेत.

त्यांतली एक परतवाड्याजवळ, मेळघाटच्या पायथ्याशी वझ्झरला आहे. तिथे शंकरबाबा पापळकरांचं अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बेवारस बालगृह आहे. शंकरबाबा परीट समाजातले, गाडगेबाबांसारखेच. ‘देवकीनंदन गोपाला’ या नावाचं नियतकालिक ते काढत. रेल्वे स्थानकावर, बसस्थानकावर, उकिरड्यावर टाकून दिलेली मुलं पोलिसांमार्फत, बालकल्याण समितीमार्फत त्यांच्याकडे येत गेली आणि त्यांची संख्या शंभरावर गेली. त्या मुलांना त्यांनी आपलं आडनाव दिलं, आणि कागदोपत्री वडिलांच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लावलं. मुलांनी लावलेल्या झाडांनी तिथला उजाड माळ हिरवा झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या एका मूकबधिर मुलीचं लग्न नागपुरात लागलं, तेव्हा त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी कन्यादान केलं. २०२४ साली तिथेच वाढलेली एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडली गेली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली.

वर्तमानपत्रात लग्नाची आणि परीक्षेची बातमी येते. यावी, मलाही ती वाचून भरून आलं. पण वझ्झरचं मोठेपण मला दिसतं ते ज्यांची बातमी कधीच होणार नाही त्या मुलांत. जी अंथरुणातून उठत नाहीत, ज्यांना घास भरवावा लागतो, कपडे बदलावे लागतात, जी कधी बोलणार नाहीत आणि आभार मानणार नाहीत, तीही त्याच आडनावाची आहेत. निष्काम कर्मावर आपल्याकडे प्रवचनं उदंड होतात. फळाची आशा ठेवू नये हे ऐकायला सोपं जातं, कारण बहुतेक कामांत थोडंफार फळ मिळतंच. अशा मुलाच्या उशाशी बसलं की खरोखर काहीच मिळत नाही. आज भरवलं, उद्या पुन्हा भरवायचं. गीतेतल्या त्या उपदेशाची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

देणाऱ्याला फळ हवं असतं, हे मी जवळून पाहिलं आहे. माझा मुलगा ज्या शाळेत जायचा तिथे एका गृहस्थांनी वाढदिवसानिमित्त फळवाटप ठेवलं होतं. मुलांना ओळीत बसवून प्रत्येकाच्या हातात एक केळं दिलं आणि फोटो काढणारा येईपर्यंत कुणी खायचं नाही असं बजावलं. तो यायला उशीर झाला. माझ्या मुलाने केळं इतकं घट्ट धरलं की ते सालीतून फुटून मनगटापर्यंत ओघळलं. मग त्याला रांगेतून उठवून मागे बसवलं, कारण फोटोत ते बरं दिसलं नसतं. ते गृहस्थ वाईट नव्हते. देणगीही त्यांनी भरघोस दिली. पण त्या दिवशी दान पूर्ण झालं आणि नातं सुरूच झालं नाही. पुढे ते पुन्हा दिसले नाहीत.

अठरा वर्षं झाली आणि मुलाची शाळा संपली. एक प्रमाणपत्र मिळालं, निरोप समारंभ झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दप्तर घेऊन दाराशी उभा राहिला. घर असलेल्या मुलाची ही गत, तर अनाथाचं काय? बाल न्याय कायद्यानुसार अठरा पूर्ण झाली की माणूस बालक राहत नाही. अनुरक्षणगृहाची सोय झाली तर ती साधारणपणे एकविसापर्यंत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या अनाथाला अठराव्या वाढदिवशी स्वतःचं पोट भरण्याची अक्कल कुठून येणार? अशा मुलांना अठरानंतरही त्याच घरी राहू द्यावं, तसा कायदा करावा, ही शंकरबाबांची अनेक वर्षांची मागणी आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत प्रौढ मुलांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. आम्ही तो अर्ज केला आहे. पण पालकाची सही आणि रात्री पांघरूण घालणारा हात यांत अंतर आहे, आणि ते भरून काढायला घर लागतं.

अपंग मुलांचे आईबाप एकत्र जमले की बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं: आमच्यानंतर कोण? मोक्षाबद्दल मला कुणी विचारलं तर मी प्रामाणिकपणे सांगेन की मला तो नको; माझ्या मुलानंतर मला एक दिवस जगू दे, एवढंच मी देवाकडे मागते. आपलं मूल आपल्या आधी जावं अशी प्रार्थना आईला करावी लागते, ही समाजाच्या धर्माचरणावरची सर्वांत मोठी तक्रार आहे. बाकी किती सप्ताह झाले आणि किती कळस चढले, याने ती मिटत नाही.

म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही भक्तनिवास बांधता, मजल्यावर मजले चढवता. पुढच्या वेळी त्यातला एक मजला अठरा वर्षांवरच्या मतिमंद मुलामुलींसाठी ठेवा, कायमचा. सांभाळणाऱ्या माणसांचा पगार दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरा, देणगीपेटीवर सोडू नका. आमच्यासारखे आईबाप हातपाय चालतात तोवर तिथे येऊन काम करतील, पैसाही भरतील. आणि वाचकांनो, तुमच्या ओळखीत कुणी विश्वस्त असेल तर त्यांच्यापर्यंत ही मागणी पोचवा.