मोडीत काढण्यापूर्वी

जुनी वस्तू कायमची दूर करण्याला मराठीत ‘मोडीत काढणे’ असा शब्दप्रयोग आहे. तो आता इतका सैल झाला आहे, की त्याचे नाते सराफाच्या पेढीशी आणि भांडी विकत घेणाऱ्याच्या तराजूशी आहे, ह्याचे भान सहसा राहत नाही. पाटल्यांची जोडी किंवा तांब्याचा फुटका हंडा मोडीत घातला, की घडणावळ शून्य होते; उरते ते धातूचे वजन, आणि त्यातूनही घट वजा होते. म्हणजे मोडीत काढणे हे वस्तू नष्ट करणे नव्हे. तिला आकार देण्यासाठी कुणी केलेले श्रम आणि त्या आकाराने इतकी वर्षे दिलेली सेवा हिशेबाबाहेर ठेवून तिला पुन्हा निव्वळ द्रव्याच्या पातळीवर आणणे, असा त्याचा अर्थ आहे. माणसाविषयी हा शब्द वापरला जातो तेव्हा तो बोचतो, तो ह्याचमुळे.

एखादी वस्तू ह्या पातळीवर केव्हा आणावी, हा नीतीचा प्रश्न आहे काय? सामान्यतः तो व्यवहाराचा समजला जातो, आणि पुष्कळदा तो तसाच असतो. केरसुणी झिजली की बदलावी. तिथे तत्त्वचिंतनाला वाव नाही. परंतु मोटारगाडीची गोष्ट निराळी आहे. ती घडवण्यासाठी कुठे तरी खाण खोदली जाते. ती चालते तेव्हा तिचा धूर अनोळखी माणसांच्या छातीत जातो. तिचा ब्रेक न लागल्यास मरणारा माणूस बहुधा तिचा मालक नसतो. आणि ती चालती ठेवण्यावर काही कारागिरांचे पोट असते. तिला ठेवण्याचा आणि बदलण्याचा, दोन्ही निर्णयांचा भार अशा लोकांवर पडतो, की जे निर्णयाच्या वेळी घरात हजर नसतात. अनुपस्थितांचा विचार करावा लागतो तिथे नीतीचा प्रश्न सुरू होतो, असे मला वाटते.

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर हा प्रश्न मराठी घरांपुढे एका विशिष्ट रूपात येतो. कोरमंगलाकडून अगरा, इब्बलूर, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र असा आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणारा हा रस्ता माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगाने पार बदलून टाकला. विप्रो कंपनीचे मुख्यालय ह्याच रस्त्यावर आहे. पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून इथे आलेल्या कुटुंबांनी सामानाबरोबर आपापल्या गाड्याही आणल्या. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची, तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि नव्या राज्याचा कर हवा. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती संपली की तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि मोटारीसाठी त्याचे ६०० रुपयांचे शुल्क एप्रिल २०२२पासून ५००० रुपये झाले. आमच्या घरातील, पुण्यात नोंदलेली २००८ सालची मारुती ८०० ह्या दोन्ही अटींच्या कचाट्यात एकदमच सापडली. दुरुस्ती धरून होणारा खर्च गाडीच्या बाजारातील किमतीपेक्षा फारसा कमी नव्हता. घरातील तरुण मंडळींना ह्यात विचार करण्यासारखे काही दिसत नव्हते. मला दिसत होते. मात्र त्याचे नाव ‘जुन्यावरची माया’ असे ठेवण्याची माझी तयारी नव्हती.

ह्या मायेचे आपल्या ललित निबंधाने फार लाड केले आहेत. आजोबांची आरामखुर्ची, वडिलांची सायकल, आईचे जाते ह्यांवर इतके लिहिले गेले आहे, की वस्तू जुनी असणे हाच तिचा गुण ठरावा. वस्तुतः आठवणी पत्र्यात नसतात. त्या आपल्यात असतात, आणि गाडी गेली म्हणून त्या जात नाहीत. दुसरे असे, की माझ्या आठवणींसाठी इब्बलूरच्या चौकात शेजारी उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराने धूर का गिळावा, ह्याचे उत्तर मायेपाशी नाही.

बाजाराचे उत्तर अधिक नेटके असते. सप्टेंबर २०२२च्या पहिल्या आठवड्यात सर्जापूर रोडच्या आसपासच्या सखल वसाहती पाण्याखाली गेल्या. लाखो रुपयांच्या गाड्या दारातच बुडाल्या आणि त्यांच्या मालकांना ट्रॅक्टरवर उभे राहून बाहेर पडावे लागले. ते दृश्य देशभर दाखवले गेले. विम्याच्या नियमाप्रमाणे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की ती गाडी पूर्ण नुकसान झाल्याचे धरले जाते. मग ती प्रत्यक्षात दुरुस्त होण्यासारखी आहे की नाही, हे गौण ठरते. ही घोषित किंमत ठरते घसाऱ्याने. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाअखेर १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४०, आणि पाचवे वर्ष भरताना ५० टक्के, असे त्याचे कोष्टक आहे. मला ह्या कोष्टकातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती त्याचा शेवट. पाच वर्षांनंतर कोष्टकच संपते. पुढची किंमत विमा कंपनी आणि मालक ह्यांनी परस्पर संमतीने ठरवायची. म्हणजे वयावरून मूल्य सांगण्याची आपली क्षमता पाचव्या वर्षी थांबते, हे ह्या रोकड्या व्यवसायानेही मान्य केले आहे. त्यापुढे गाडी कशी वापरली, कुणी वापरली, हे पाहावे लागते. कायद्याची पंधरा वर्षे आणि गाडीचे आयुष्य ह्यांचा संबंधही तितकाच सैल आहे.

मग पाहायचे काय? आमची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालते. लिटरला पंधरा किलोमीटर धरले, तर दोनशे लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला ४६० किलो. वीस किलोमीटर देणारी नवी लहान गाडी घेतली, तर पन्नास लिटर वाचतील आणि ११५ किलो वायू कमी निघेल. पण एक लहान मोटार घडवतानाच, पोलाद, ॲल्युमिनियम, काच, रबर हे सारे धरून, काही टन वायू हवेत गेलेला असतो. तो पाच टन धरला, तर ही बचत त्याची भरपाई करायला चाळीस वर्षांहून अधिक काळ घेईल. हीच गाडी कुणी वर्षाला वीस हजार किलोमीटर पळवत असेल, तर तोच हिशेब सहा-सात वर्षांत फिटतो. विजेवर चालणारी गाडी घेतल्यास घडवतानाचा भार वाढतो, चालवतानाचा घटतो. आकडे बदलतात, प्रश्नाचा घाट तोच राहतो. तात्पर्य, ‘जुनी गाडी पृथ्वीला महाग’ आणि ‘नवी गाडी पृथ्वीला महाग’ ही दोन्ही विधाने मोघम आहेत. वयापेक्षा वापर निर्णायक आहे. जो थोडे चालवतो त्याने जुनी ठेवणे आणि जो रोज लांब जातो त्याने नवी घेणे, हे युक्त आहे. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते: ज्याच्याकडे पैसा आहे तो थोडे चालवूनही पाच वर्षांनी गाडी बदलतो आणि त्याची टाकलेली गाडी पोटासाठी दिवसभर रस्त्यावर असणारा माणूस विकत घेतो.

इथवर जुन्या गाडीचा पक्ष बळकट दिसतो. परंतु हा हिशेब आकाशाचा झाला. छातीचा हिशेब वेगळा आहे. कार्बन डायऑक्साइडने शेजारी खोकत नाही. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन, नायट्रोजनचे ऑक्साइड ह्यांचा त्रास जवळच्या माणसाला आणि ताबडतोब होतो. २००८ सालची आमची गाडी भारत स्टेज ३ ह्या मानकाची. एप्रिल २०२०पासून देशभर भारत स्टेज ६ आले. मधल्या अंतरात मर्यादा पुष्कळ कडक झाल्या. काचेवर चिकटवलेल्या पीयूसीच्या कागदाने समाधान मानावे, तर पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. तेव्हा ‘कागद आहे’ हे नैतिक उत्तर होत नाही. ते फक्त पोलिसाला देण्याचे उत्तर आहे. सुरक्षिततेचेही तसेच. चालकासाठी एअरबॅग नव्या मोटारींना जुलै २०१९पासून सक्तीची झाली. आमच्या गाडीत ती नाही. मी स्वतः ती जोखीम घेऊ शकतो. नातवाला शेजारी बसवून त्याच्या वतीने ती घेण्याचा अधिकार मला कुणी दिला?

अशा वेळी विद्वान माणूस तत्त्वज्ञानाच्या आडोशाला जातो. ‘मिलिंदपञ्ह’ ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो, की तू पायी आलास की रथात? रथात, असे उत्तर येताच तो एकेका भागाकडे बोट दाखवतो: दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि रथ हे ह्या सर्वांच्या आश्रयाने दिलेले केवळ नाव आहे, ह्या निष्कर्षाला येतो. ग्रीकांकडे थिसिअसच्या जहाजाची कथा प्लूटार्कने नोंदवली आहे. फळ्या बदलत गेलेले जहाज तेच की दुसरे, असा तो वाद. ह्या दोहोंच्या मानाने आपले परिवहन कार्यालय अधिक निश्चयी आहे. त्याच्या लेखी गाडीचा आत्मा सांगाड्यावर कोरलेल्या चॅसिस क्रमांकात असतो. इंजिन परवानगीने बदलता येते, रंग बदलता येतो, मालक तर बदलतोच. पण तो क्रमांक हीच गाडीची ओळख. अधिकृत केंद्रात गाडी तोडतात तेव्हा तो क्रमांक असलेला तुकडा कापून वेगळा ठेवला जातो. ह्यात थोडा विनोद आहे, पण एक शहाणपणही आहे. नागसेनाचा युक्तिवाद आसक्ती सोडवण्यासाठी होता, जबाबदारी सोडवण्यासाठी नव्हे. ‘रथ हे केवळ नाव’ असे म्हणणाऱ्यालाही त्या रथाने कुणाला चिरडले तर उत्तर द्यावे लागते, आणि ते देण्यासाठी नाव टिकावे लागते.

आपल्या परंपरेत ह्या प्रश्नाला आणखी एक वाट आहे, जीर्णोद्धाराची. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशीविश्वेश्वराचे मंदिर नव्याने उभारले. दगड नवे, गवंडी नवे; विश्वेश्वर तोच. तिथे सातत्य द्रव्यात नव्हते, सेवेत होते. गाडीला देवळाच्या पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही. परंतु ‘ठेवणे’ आणि ‘राखणे’ ह्या दोन क्रियापदांमधला भेद इथे उपयोगी पडतो. वस्तू ठेवायला काही करावे लागत नाही. ती कोपऱ्यात पडून राहते. राखण मात्र जागून करावी लागते. शेत राखतात, गुरे राखतात, शब्द राखतात. गाडी ‘ठेवली’ असे म्हणणारे बहुतेक जण ती बदलायचे टाळत असतात, राखत नसतात. कर्नाटकात महानवमीला आयुधपूजा होते. त्या दिवशी सर्जापूर रोडवर धुतलेल्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, कोहळा फोडतात, चाकाखाली लिंबे चिरडतात. आपल्याकडे दसऱ्याला हेच. दुसऱ्या दिवशी ब्रेक ऑइल कोण पाहतो?

राखणे म्हणजे काय, हे मला एका गॅरेजवाल्या मिस्त्रीकडून कळले. तो सांगतो, की ह्या गाडीचा सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी असेल, तर बाकी सगळी दुरुस्ती ही नुसती रंगरंगोटी. तो बदलायला पैसे लागतात, आणि तो न बदलताही गाडी उत्तम चालते; म्हणूनच कुणी बदलत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न ह्या एका सुट्या भागात एकवटला आहे. मालकाला ज्याचा काहीच उपयोग नाही आणि जो केवळ इतरांसाठी आहे, असा हा भाग. त्यावर खर्च करायची तयारी असेल, तरच जुनी गाडी राखण्याला अर्थ आहे; नसेल, तर नवी घेणे अधिक प्रामाणिकपणाचे. मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. भाग अजून मिळतात, जे. सी. रोडच्या दुकानांत, नाही तर शिवाजीनगरच्या गुजरीत. पण हा मिस्त्री साठीचा आहे आणि त्याच्या हाताखालची मुले संगणक जोडून दोष वाचायला शिकतात, आवाज ऐकून नव्हे. त्यांचे चुकते असे नाही. नव्या गाड्या तशाच आहेत. त्यांच्यात दुरुस्ती म्हणजे डबा काढून डबा बसवणे.

गाडी विकली म्हणजे प्रश्न सुटला, हाही एक सोयीचा समज आहे. विकलेली गाडी जगातून जात नाही. ती अधिक चालवणाऱ्या आणि कमी दुरुस्ती परवडणाऱ्या माणसाकडे जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात अधिकृत केंद्राकडे गाडी दिल्यास प्रमाणपत्र मिळते आणि नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. म्हणजे जुनी सोडण्याचे बक्षीस नवी घेण्यातच मिळते; जो जुनी सोडून बसने जाऊ लागतो, त्याच्यासाठी त्यात काही नाही. हे मला विचित्र वाटते. वयावर बोट ठेवणारा नियम अंमलात आणायला सोपा असतो, एवढे त्याचे समर्थन करता येईल. मुंबईत वीस वर्षांच्या मर्यादेने शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. त्या वेळी बरेच हळवे लिहिले गेले. वीस वर्षे रोज दहा-बारा तास चाललेल्या इंजिनाचा विचार केला, तर तो निर्णय योग्यच होता. उलट, १९८३च्या डिसेंबरात दिल्लीत पहिली मारुती ८०० ज्यांना मिळाली, त्या हरपाल सिंग ह्यांनी ती २०१०पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, जवळ बाळगली. त्यांच्या पश्चात ती दारात गंजत राहिली आणि पुढे कंपनीने ती नीट करून आपल्या मुख्यालयात मांडली. तिथे ती ठेवली आहे. राखली होती ती आधी.

आम्ही कन्व्हर्टर बदलला, नातवाला पुढच्या आसनावर बसवायचे नाही असे ठरवले, आणि पुण्याहून ना हरकत प्रमाणपत्र मागवले. नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या चालकाचा परवानाही पाचच वर्षांसाठी मिळतो, आणि त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. मुलाने दोन्ही तारखा एकाच कागदावर लिहून तो गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. माझी आधी आहे.