मला काय आवडते?

आपल्या संस्कृतीत त्यागाला मोठे मोल आहे. सर्वांची पाने वाढून झाल्यावर जेवायला बसणारी आई, सासरचे सारे निगुतीने करणारी सून, धाकट्यांसाठी शिक्षण सोडणारा थोरला भाऊ हे आपले आदर्श आहेत, आणि ते असावेत. पण आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजल्यावर ‘यात मी कुठे आहे?’ असे मनात आले, तर तो स्वार्थ म्हणायचा का? या प्रश्नाचा मी माझ्यापुरता केलेला विचार आपल्यापुढे ठेवते.

१९७९ साली लग्न होऊन मी लेस्टरला आले. नोकरी, मुले, भारतातून येणारे-जाणारे आणि मग अकरा वर्षे सासूबाईंचे आजारपण, यात दिवस कसे गेले कळलेच नाही. त्या आजारपणात एकदा काउन्सिलच्या बाई घरी आल्या. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनुसार आजारी माणसाप्रमाणे त्याची काळजी घेणाऱ्याच्या गरजाही काउन्सिलने पाहायच्या असतात. त्याला नोकरी, शिक्षण, विरंगुळा यांतले काय हवे आहे, याचाही विचार करायचा असतो. बाईंनी विचारले, “तुम्हाला स्वतःसाठी काय करायला आवडेल?” सासूबाईंना चहा कसा लागतो, ह्यांना कोणती भाजी चालत नाही, नातीला कोणती गोष्ट हवी, सगळे मला तोंडपाठ! या प्रश्नाला मात्र उत्तर सुचेना.

असा प्रश्न विचारला जाणे पूर्वी सोपे नव्हते. ब्रिटनमध्ये १९७६ साली काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, तेव्हा नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. त्या काय, घरीच असणार! आजारी आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक यांनी याविरुद्ध दाद मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांनी सेवा नाकारली नव्हती. सेवा करणारीलाही हिशेबात धरा, एवढीच मागणी होती.

सरकारने जे केले तेच आपण घरात करतो. ‘ती आहेच की’ म्हणतो. वर्षानुवर्षे हे ऐकून तीही स्वतःला गृहीत धरू लागते. त्याग विचारपूर्वक केलेला असतो. देणाराच हरवला, तर मागे उरते ती नुसती सवय.

मग स्वतःला शोधायचे म्हणजे आपली माणसे दूर सारायची का? इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. त्यानंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आणि १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने आला. त्यात टिळक जागोजागी भेटतात, पण बोलणे, हसणे, रुसणे सारे लक्ष्मीबाईंचे! आपली माणसे वजा न करताही स्वतःचा आवाज सापडतो, हे मला त्या पुस्तकाने दाखवले.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला काही आठवड्यांनी सुचले: लहानपणी मिरजेला शिकलेली पेटी. आठवड्यातून दोन तास सासूबाईंजवळ कोणीतरी बसू लागले आणि मी वरच्या खोलीत सूर धरू लागले. बोटे वळेनात, जुन्या चिजा अर्ध्याच आठवत. पण खाली येऊन सासूबाईंना भरवताना माझा हात घाईत नसे. एका आठवड्यात जमले नाही, तर त्यांनीच विचारले, “अगं, या वेळी पेटी ऐकू आली नाही?” माझ्या वेळावर त्यांनी रुसावे अशी भीती मला होती, त्या तर वाट पाहत होत्या!

उत्सवाच्या दिवसांत मंदिराच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून राबणाऱ्या एखाद्या मावशी आपल्याला भेटतीलच. प्रसादाची तारीफ तर कराच, पण एकदा त्यांना जवळ बसवून विचारा, “मावशी, तुम्हाला काय आवडतं?” आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.