पेरले ते उगवते का?

कृष्णतुळशीच्या मंजिऱ्या चुरून बी पेरावे आणि पाने फुटल्यावर काही रोपे हिरवीच निघावीत, असे पुष्कळदा घडते. ती उपटावीत का? मधमाशी शेजारच्या हिरव्या तुळशीचा पराग आणते. बी एका झाडाचे, पण अंश दोघींचा. काहींचा रंग तर ऊन मिळाल्यावरच गडद होतो. म्हण खोटी नाही. आपण काय पेरले, हेच आपल्याला पुरते ठाऊक नसते.

लेकरांचेही तसेच. माळकऱ्याच्या घरातले पोर वेगळ्या वाटेने गेले, की आपण संस्कार वाया गेले म्हणतो. पाणी घालणे आपल्याकडे आहे, रंग आपल्याकडे नाही. विठोबाच्या हाराला हिरवी तुळसही चालते. उपटण्याचा अधिकार आपला नव्हे.

रामकृष्णहरी.